‘लिटरली’, अक्षरशः आणि एक लाल रेघ

आमच्या महाविद्यालयातील इंग्रजी विभागाचे एक ज्येष्ठ सहकारी एका शब्दावर कमालीचे संतापतात. तो शब्द म्हणजे ‘लिटरली’. व्हरांड्यातून जाणारी एखादी मुलगी मैत्रिणीला “अगं, मी लिटरली मेले!” असे सांगताना ऐकू आली की सरांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. “ती जर लिटरली मेली असेल, तर ही चालते आहे ती कोण?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आम्ही हसतो. विनोद जुना आहे आणि विनोद म्हणून चांगलाही आहे. पण तोच युक्तिवाद म्हणून मांडला जातो तेव्हा मला थांबावेसे वाटते.

मी मराठीचा अध्यापक. एका इंग्रजी क्रियाविशेषणाची उठाठेव मी का करावी, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. एक तर हा शब्द आता मराठी वाक्यात राजरोस वावरतो आहे, आणि त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा ‘अक्षरशः’ आपल्याकडे आधीपासून आहे. एकाचे जे झाले तेच दुसऱ्याचेही झाले आहे. दुसरे कारण माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचे आहे. ते ओघात येईलच.

आधी शब्दाचे मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘लितेरा’ म्हणजे अक्षर. त्यावरून ‘लिटरल’ म्हणजे अक्षराला धरून असलेला आणि ‘लिटरली’ म्हणजे अक्षराबरहुकूम. या शब्दाची जडणघडण गप्पांमध्ये झाली नाही. ती पोथीच्या अभ्यासात आणि भाषांतराच्या व्यवहारात झाली. मध्ययुगीन ख्रिस्ती भाष्यकार धर्मवचनाचे चार अर्थ मानत: अक्षरार्थ, रूपकार्थ, नीत्यर्थ आणि पारलौकिक अर्थ. विल्यम टिंडेलने १५२८ साली ‘द ओबीडियन्स ऑफ अ ख्रिश्चन मॅन’ या ग्रंथात या व्यवस्थेवर हल्ला चढवला आणि धर्मवचनाला एकच अर्थ असतो, तो म्हणजे अक्षरार्थ, असे ठासून सांगितले. मौज अशी, की बायबलात म्हणी, दृष्टान्त आणि कूटे भरपूर आहेत हे त्यालाही नाकारता येणार नव्हते. त्यावर त्याचे उत्तर असे, की दृष्टान्ताने जे सूचित होते तोच त्या वचनाचा अक्षरार्थ समजावा. म्हणजे अक्षरार्थाचा एवढा कट्टर कैवारीदेखील रूपकाला अक्षरार्थाच्या घरातच जागा देतो! पुढच्याच वर्षी, १५२९ मध्ये, मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. अखेरच्या भोजनात ख्रिस्ताने भाकरीला आपले शरीर म्हटले, ते अक्षरशः घ्यायचे की लक्षणेने, हा प्रश्न होता. ल्यूथर शब्दाला चिकटून राहिला, झ्विंग्ली ‘आहे’ या क्रियापदाचा अर्थ ‘सूचित करते’ असा घेत राहिला, आणि सुधारणावादी चळवळीची दोन अंगे कायमची वेगळी झाली. अक्षरार्थाचा वाद हा पंडितांचा रिकामा उद्योग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

तर अशा वजनदार घराण्यातला हा शब्द बिघडला कसा? बिघडला असे म्हणायचेच असेल तर त्याची पहिली पायरी अगदी निर्दोष आहे. ड्रायडनच्या ‘द हाइंड अँड द पँथर’ (१६८७) या काव्यात रोजच्या भाकरीसाठी हात पसरण्याचा उल्लेख येतो. ‘रोजची भाकरी’ हे प्रार्थनेतले, वापरून गुळगुळीत झालेले शब्द. इथे मात्र ती भाकरी खरोखरच मागावी लागते आहे, म्हणून कवीला ‘लिटरली’ हवा झाला. वापरात झिजलेल्या शब्दप्रयोगाला अचानक वास्तवाचा आधार मिळतो आणि वाचकाने ते नेहमीच्या सवयीने वाचून पुढे जाऊ नये अशी लेखकाची इच्छा असते. माझ्या मते या क्रियाविशेषणाचे हेच सर्वांत मोलाचे काम आहे.

पण खऱ्यावर भर देणारा शब्द एकदा हाताशी आला, की माणूस तो जिथे भर हवा तिथे वापरणार. १७६९ मध्ये फ्रान्सिस ब्रूक या लेखिकेच्या ‘द हिस्टरी ऑफ एमिली मॉन्टेग्यू’ या कादंबरीत सुंदर स्त्रियांच्या मेळाव्यात येऊन पडलेल्या भाग्यवान पुरुषाविषयी, बायबलमधल्या लिलीच्या फुलांची प्रतिमा घेऊन, हा शब्द आला आहे. तिथे फुलेही नाहीत आणि चरणेही नाही; आहे ते निखळ रूपक. ऑक्सफर्डच्या कोशात या प्रकारच्या वापराचा सर्वांत जुना दाखला म्हणून हीच नोंद आहे. पुढे डिकन्सच्या ‘निकोलस निकल्बी’त स्क्वीअर्स पकडून आणलेल्या पोराकडे ‘लिटरली’ डोळ्यांची मेजवानी केल्यासारखे पाहतो. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर कुंपण रंगवून घेतल्यावर ‘लिटरली’ श्रीमंतीत लोळतो. आणि त्याची ती संपत्ती म्हणजे काय, तर गोट्या, तुटकी फुटकी खेळणी आणि असलाच किरकोळ ऐवज. ही काही व्हरांड्यातली मुले नव्हेत.

निषेध बराच उशिरा सुरू झाला. अँब्रोज बिअर्सने १९०९ मध्ये आणि फाउलरने १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात या वापरावर कोरडे ओढले. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या पहिल्या आवृत्तीने विसाव्या शतकाच्या आरंभीच त्याची नोंद घेतली होती, मात्र अयोग्य वापर असा शेरा मारून. २०११ मध्ये ही नोंद सुधारली गेली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते वर्तमानपत्रांच्या लक्षात आले आणि ‘कोशकारांनी भाषेचा गळा घोटला’ या सुरात एकच गिल्ला झाला. गळा घोटायला कोशकारांना दोन वर्षे आधीच वेळ मिळाला होता आणि त्या काळात कोणालाही गुदमरल्यासारखे झाले नव्हते, ही गोष्ट त्या गदारोळात हरवली. असो.

त्या वेळचा मुख्य आक्षेप असा होता, आणि आमच्या सरांचाही तोच आहे, की ‘लिटरली’ म्हणजे आता ‘फिगरेटिव्हली’ असा अर्थ झाला. शब्द स्वतःच्या उलट फिरला. हे विधान ऐकायला चटकदार आहे, पण चूक आहे. “मी लिटरली मेले” म्हणणारी मुलगी “मी लाक्षणिक अर्थाने मेले” असे सांगत नसते. तसे सांगितले तर वाक्याची हवाच निघून जाईल. ती ‘मेले’ या लक्षणेवर जोर देत असते, आणि तो जोर येतो तो अक्षरार्थाचा आव आणल्यामुळे. म्हणजे शब्दाचा जुना अर्थ जागा असतो म्हणूनच नवा वापर चालतो.

इथे आपल्या अभ्यासक्रमातला शब्दशक्तींचा पाठ उपयोगी पडतो. मम्मटाने लक्षणेच्या अटी सांगितल्या आहेत: मुख्यार्थाचा बाध व्हायला हवा, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध हवा, आणि मागे रूढी किंवा प्रयोजन हवे. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, हे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेत लिहिलेले असते. प्रवाहावर वस्ती शक्य नाही म्हणून आपण तीर असा अर्थ घेतो आणि गारवा व पावित्र्य हे प्रयोजन मानतो. आता समजा, कोणी म्हणाले की गंगेवर अक्षरशः वस्ती आहे. बाध तर कायमच आहे, पण वक्ता तो बाध नाकारतो आहे. मग ऐकणारा काय करतो? तो वक्त्याला खोटारडा ठरवत नाही. तो ‘अक्षरशः’ या शब्दालाच लक्षणा लावतो आणि अगदी काठाला, पाण्याला खेटून वस्ती आहे असे समजतो. अभिधेच्या दारावर बसवलेला पहारेकरीच लक्षणेच्या पंगतीत जाऊन बसला, असे हे प्रकरण आहे. आणि खरे पाहिले तर तो पहिल्यापासून तिथेच बसलेला होता. घर अक्षरशः पाण्यात होते या वाक्यात अक्षरे कुठे आहेत? घरात नाहीत, पाण्यातही नाहीत. संस्कृतातला ‘शस्’ प्रत्यय वीप्सेचा; क्रमशः, शतशः तसे अक्षरशः, म्हणजे एकेक अक्षर करत. पोथीची नक्कल, पाठांतर, साक्षीचा जबाब यांना तो शोभतो. पुरातल्या घराला तो लावला तेव्हाच त्याने मूळ अर्थ सोडला. जर्मन, फ्रेंच, रशियन या भाषांनीही ‘अक्षर’ या शब्दावरूनच असे क्रियाविशेषण घडवले आहे आणि तिथेही ते रूपकावर जोर द्यायला सर्रास वापरले जाते. जे इतक्या भाषांत घडते ते एका पिढीच्या आळसाचे फळ नसते.

शिवाय आपली निवडही सोयीची असते. ‘साक्षात’ या शब्दाचे मूळ डोळ्यांत आहे. साक्षात म्हणजे डोळ्यांदेखत. पण वसुली करायला आलेल्या माणसाला ‘साक्षात यम’ म्हटले, तर रेडा कुठे बांधला असे कोणी विचारत नाही. इंग्रजीतला ‘व्हेरी’ हा मुळात ‘खरा’ या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द, आणि ‘रिअली’चा वंश तर वास्तवाशीच जोडलेला. या सगळ्यांनी सत्याची नोकरी सोडून जोर देण्याची नोकरी धरली, आणि कोणी हळहळले नाही.

या ठिकाणी जॉइसची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘डब्लिनर्स’ (१९१४) मधील ‘द डेड’ या कथेच्या पहिल्याच वाक्यात रखवालदाराची मुलगी लिली पाहुण्यांच्या सरबराईत कशी पळापळ करते आहे हे सांगताना त्याने नेमका ‘लिटरली’ वापरला आहे, आणि तोही ‘चुकीचा’. शब्दाशब्दाला पारखून घेणारा हा लेखक व्याकरणात घसरला असे म्हणणे हास्यास्पद होईल. ह्यू केनरने ‘जॉइसेस व्हॉइसेस’ (१९७८) मध्ये याचा उलगडा केला आहे. निवेदन लेखकाच्या तोंडचे असले तरी त्यातली भाषा जवळच्या पात्राची असू शकते. तो ‘लिटरली’ लिलीचा आहे. तिला कोणी विचारले असते तर तिने हेच सांगितले असते. दमलेल्या मुलीची बोलण्याची ढब एका क्रियाविशेषणातून वाक्यात उतरते आणि कथा तिच्या पावलांनी सुरू होते. हे वाक्य मराठीत आणायचे तर पायांचे तुकडे पडल्याचा वाक्प्रचार घ्यावा लागेल आणि त्याला ‘अक्षरशः’च जोडावा लागेल, तो गाळून वाक्य ‘शुद्ध’ करणारा अनुवादक लिलीलाच कथेबाहेर काढील. एम.ए.च्या वर्गात निवेदनतंत्र शिकवताना मी हे उदाहरण आवर्जून देतो.

इतके सगळे ठाऊक असलेल्या माणसाच्या हातून पुढची गोष्ट घडली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. त्यानंतर महाविद्यालय सुरू झाल्यावर द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी अंतर्गत मूल्यमापनासाठी अनुभवलेखन दिले. साहजिकच बहुतेकांनी पुरावर लिहिले. साठ-सत्तर वह्या. पहिल्या दहा-बारा वह्यांतच ‘अक्षरशः’ची बरसात झाली होती: अक्षरशः थैमान, अक्षरशः हाहाकार, अक्षरशः काळजाचा ठोका चुकला. अर्ध्याहून अधिक वाक्ये वर्तमानपत्रांतून उचललेली. माझी लाल लेखणी हळूहळू आपोआप चालू लागली. शिरोळ तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीने लिहिले होते, की त्या पहाटे आईने घर अक्षरशः डोक्यावर घेतले. मी ‘अक्षरशः’खाली रेघ मारली, समासात ‘अनावश्यक’ असे लिहिले, आणि खाली आणखी एक शेरा दिला: वाक्प्रचाराचा अर्थ पाहा, घर डोक्यावर घेणे म्हणजे आरडाओरडा करून गोंधळ घालणे.

वह्या परत दिल्यावर तास संपता संपता ती पुढे आली. “सर, पण घेतलंच होतं की डोक्यावर.”

मी वही पुन्हा उघडली. पुढचेच वाक्य असे होते, की पत्र्याची पेटी, पेटीवर गोधडीचे गाठोडे आणि गाठोड्यात पिठाचा डबा व आजोबांचा फोटो, एवढे सगळे डोक्यावर घेऊन आई छातीएवढ्या पाण्यातून शाळेच्या इमारतीपर्यंत चालत गेली. घर म्हणून जे काही उरले होते ते तेवढेच होते. हे वाक्य मी वाचले नव्हते असे नाही. त्याच्याखाली माझी बरोबरची खूणही होती. पण आधीच्या वाक्यात मी चूक शोधून बसलो होतो, त्यामुळे दोन वाक्यांचा संबंध माझ्या ध्यानातच आला नाही. ड्रायडनच्या भाकरीसाठी जे केले जाते, ते या मुलीने आईच्या डोक्यावरच्या घरासाठी केले होते, आणि मी तिला वाक्प्रचार शिकवत होतो.

“मग तिथं काय लिहायचं, सर?” तिने विचारले. प्रश्न उद्धट नव्हता. तिला खरोखर पर्याय हवा होता. मी मनाशी पर्याय लावून पाहिले. ‘खरोखर’? तो कधीच बोथट झाला आहे. ‘शब्दशः’? तो भाषांतराच्या टेबलावरचा. ‘प्रत्यक्षात’ म्हटले की वाक्य अहवालासारखे होते. तिथे ‘अक्षरशः’च हवा होता आणि तिने तोच लिहिला होता.

स्टाफरूममध्ये मी हे सांगितले तेव्हा इंग्रजीचे सर विजयाने म्हणाले, “बघा, मी काय सांगत होतो? लांडगा आला रे आला!” त्यांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. हा शब्द खोटा पडत नाही, पण त्याची पत जाते. आणि पत गेल्याचा भुर्दंड खरे सांगणाऱ्याला बसतो. मात्र गुन्हेगार कोण, याविषयी माझा त्यांच्याशी मतभेद आहे. व्हरांड्यातल्या मुलीचे ऐकणारे समोर असते, आवाज असतो, हातवारे असतात. तिच्या ‘लिटरली’ने कोणी फसत नाही. पत घालवतो तो छापील मजकूर. ‘रस्त्यांची अक्षरशः चाळण’ यात निदान एक प्रतिमा तरी आहे. ‘प्रवाशांचे अक्षरशः हाल झाले’ यात तीही नाही. हाल हे हालच असतात, त्यांना अक्षरशः होण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. रूपकावर बसवलेला ‘अक्षरशः’ मला खटकत नाही, पण जिथे रूपकही नाही आणि शंकाही नाही तिथे तो केवळ जागा भरतो. आणि आपण समीक्षक? ‘अक्षरशः हादरवून सोडणारी कादंबरी’, ‘वाचकाला अक्षरशः खिळवून ठेवणारा संग्रह’, ही वाक्ये कोणाची आहेत? जुनी परीक्षणे चाळताना माझ्याच एका परीक्षणात हा शब्द तीनदा सापडला. तिन्ही ठिकाणी तो काढून टाकला तर परीक्षणाचे काहीच बिघडत नव्हते, आणि पुस्तकाचे तर त्याहून नाही.

क्षेमेन्द्राने औचित्याची स्थाने मोजताना उपसर्ग आणि निपात यांनाही वगळले नाही. इतक्या लहानशा शब्दाचेही औचित्य असते, हे अकराव्या शतकात त्याला सांगावेसे वाटले. वर्गात मी आता ‘लिटरली’ किंवा ‘अक्षरशः’ चूक की बरोबर हा प्रश्न घेत नाही. वाक्य फळ्यावर लिहितो आणि विचारतो, की हा शब्द नसता तर वाचकाने काय समजले असते? वेगळे काही समजले असते तर शब्द राहील. उत्तरे नेहमी एकमताची नसतात. लिलीच्या वाक्यावर तर दर वर्षी भांडण होते.

त्या मुलीच्या वहीतला शेरा मी खोडला आणि गुण वाढवून दिले. लाल शाईने ओढलेली रेघ खोडता येत नाही, ती तशीच राहिली. पुढे तिने हे लेखन आमच्या वार्षिक अंकासाठी दिले. अंकाचा संपादक मीच होतो. पहिली मुद्रिते तपासून आली तेव्हा पाहिले, तर आईच्या वाक्यातला ‘अक्षरशः’ तपासणाऱ्याने काट मारून काढून टाकलेला होता. दुसऱ्या मुद्रितात मी तो परत घातला.